मैनाबाईचं पाखरू

आमच्या ह्यांना पाखरांचं वेड. पाखरं म्हणजे दिव्यावर येऊन मरतात ते पतंग. अमरावतीच्या शाळेत मास्तर, पण जीव सगळा टाचण्यांच्या पेटीत. घरात साखरेला मुंग्या लागलेल्या दिसायच्या नाहीत, पतंगाच्या मिशा मात्र बरोबर दिसायच्या. मुंबईतल्या रेल्वेच्या एका साहेबालाही हाच नाद. त्याच्याशी ह्यांचा पत्रव्यवहार चाले.

दर्यापूरकडे पूर्णेच्या पात्रात एक बेट आहे. तिथे ह्यांना एक पतंग सापडला, राखी पंखांवर हळदीचा ठिपका असलेला. अलीकडच्या काठावर नाही, पलीकडच्याही नाही, फक्त बेटावर! का बरं? एवढंसं पाणी ओलांडता येत नाही त्याला? ह्या प्रश्नाने ह्यांची झोप उडाली आणि ऐकून ऐकून माझीही. तो मुंबईला धाडला, तर साहेबाने कळवलं, "हा नर आहे. मादी पाठवा, मगच नवी जात मानू."

म्हणून उन्हाळ्यात आम्ही दोघं बेटाचे मालक खुशालराव यांच्याकडे उतरलो. तर त्यांनी कुऱ्हाडींना धार लावून ठेवलेली! अमेरिकेत लढाई पेटलेली, तिकडचा कापूस बंद, म्हणून विलायतेला इथला हवा. वऱ्हाडात तेव्हा लोक तुळशीवृंदावन तेवढं सोडून जिथे तिथे पऱ्हाटी लावत होते.

"बेट साफ करून राहिलो, मास्तर. उद्या झाडं तोडतो."

ह्यांचा चेहरा पांढराफटक पडला. झाडं गेली की पतंग गेलाच. मग ह्यांनी शक्कल लढवली. "खुशालराव, हे पाखरू दुसरीकडे कुठेही नाही. त्याचं नाव मी ठेवणार. बेट राखाल तर तुमच्या आईंचं ठेवतो."

आई मैनाबाई वारल्यापासून नातीला त्यांचं नाव ठेवायची खुशालरावांना आस होती, पण घरात नातूच नातू. त्यांचे डोळे भरून आले. "माह्या मायचं नाव?" एवढंच म्हणाले. कुऱ्हाडी माळ्यावर गेल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी चक्क बारसं केलं! पाळण्यात बेटावरची फांदी ठेवली, गावभर घुगऱ्या वाटल्या. नाव सांगायचा मान मला. फांदीचा कान कोणता, हे मात्र कोणी सांगेना.

संध्याकाळी हे जाळी घेऊन बेटावर गेले, मागून मी. कंदील धरायला खुशालराव स्वतः आले. थोड्याच वेळात एक पतंग त्यांच्या पागोट्यावर येऊन बसला. मिशा बारीक, पोट जाड.

"मादी!" हे पुटपुटले आणि जाळी उचलली. खुशालरावांनी मनगट धरलं.

"जायी कायले उचलली, मास्तर?"

"एकच हवी. टाचणीला लावून मुंबईला पाठवतो."

"मायले टाचणी टोचता?" खुशालरावांचा आवाज चढला. "नाव कोनं ठेवलं? तुमीच ना? आता ते आमच्या घरचं मानूस आहे."

ह्यांनी जाळी खाली केली. मला इतकं वाईट वाटलं की वाटलं, आपणच झडप घालून ती ह्यांच्यासाठी पदरात लपवावी. पण घुगऱ्या मीही खाल्ल्या होत्या.

साहेबाने ती जात अखेर मानली नाहीच. बेट आहे, पतंगही आहेत. हे दर उन्हाळ्यात रिकाम्या हाताने जातात. खुशालराव आधी पाखराला हात जोडायला लावतात, मगच भिंग काढू देतात.