न मोजलेली लेकरं

कडूबाईने पळी उलटी धरली आणि रंगुबाईच्या मनगटावर हाणली. रंगुबाईच्या हातातलं जर्मनचं ताट पातेल्यावर आपटून खाली घरंगळलं, पण तिने पातेल्याचा काठ सोडला नाही.

"सोड, रंगे. हात मोडीन."

"मोड. मोडक्या हातानं घालीन लेकराला."

"तुझ्या पोरीचं नाव हाय, तिचं वाढलं. बाकीच्यांचं नाव न्हाई."

"नाव न्हाई म्हून प्वाट बी न्हाई व्हय? तुझ्या धाकटीचं कुठं नाव हाय? पर खरवड खाऊन तिचं गाल वर आल्यात."

रांगेतल्या बाया हसल्या नाहीत. कडूबाईने पळी पुन्हा उचलली आणि या खेपेला बोटांवर मारली. रंगुबाईचा हात सुटला. बोटं तोंडात घालून ती दोरीपलीकडे जाऊन उभी राहिली.

नगर जिल्ह्यातल्या कर्जतच्या पूर्वेच्या माळावर पाझर तलावाचं काम चाललं होतं. बहात्तरचा पाऊस गेला तो गेलाच, आणि त्र्याहत्तरच्या वैशाखात माळावर हिरवं म्हणून दिसत होतं ते फक्त सरकारी जीपचं छप्पर. पुरुष खडक फोडत, बाया पाट्या वाहत. दिवसातून दोनदा सुरुंग उडे, तेव्हा तान्ही पोरं झोपेत ताठ होत. या कामावरच्या सहा वर्षांखालच्या लेकरांसाठी सरकारने बालवाडी मंजूर केली होती. चार बांबू, वर तरटं, एक फळा, आणि रोज दुपारी गव्हाच्या भरडीची गूळ घातलेली लापशी. नेवाशाकडची मॅट्रिक झालेली पुष्पावती मुलांना गाणी शिकवी. लापशी शिजवायची आणि वाढायची ती कडूबाईने. मंजुरी चाळीस मुलांची होती. माळावर लेकरं नव्वदीच्या घरात होती. म्हणून मधे सुंभाची दोरी बांधलेली. यादीतली आत, बाकीची बाहेर.

चाळीसच का, ते कडूबाईइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं.

पौषात यादी करायला साहेब आला, त्याच्या आदल्या दिवशी विहिरीवर तिनेच बायांना सांगितलं होतं, लेकरं मोजून देऊ नका. मोजलं की नजर लागते. हे तिने ऐकीव सांगितलं नव्हतं. चार वर्षांपूर्वी हिवतापाचे फवारणीवाले आले, घरात माणसं किती विचारलं, आणि दाराशेजारच्या भिंतीवर गेरूने आकडा काढून गेले. त्याच श्रावणात हगवण आली आणि तिची चारांतली दोन गेली. आकडा भिंतीवर तसाच राहिला. तिने तो दगडाने खरवडला, नखाने खरवडला. तिचं स्वतःचं नावही असल्याच भीतीतून पडलेलं होतं. आधीची भावंडं जगली नाहीत म्हणून आईने हिला कडू म्हटलं, म्हणजे काळाने तोंडात घातली तरी थुंकून द्यावी.

बायांनी तिचं ऐकलं. तीन असलेलीने एक सांगितलं, दोन असलेलीने एक. कुणी म्हणालं, देवानं दिलंय तेवढं हाय. साहेब वैतागला, चाळीस नावं लिहून निघून गेला, आणि चाळिसांची भरड येऊ लागली.

"कडू मावशी, तो बघा," पुष्पावती हळूच म्हणाली.

रंगुबाईचा नवरा छगन खडीच्या ढिगांमधून येत होता. अंगावर दगडाची भुकटी, हातात टिकावाचा दांडा. त्याने आधी बायकोच्या थोबाडीत मारली.

"रिकामी आलीस?"

"तिनं हाणलं मला. बोटं बघ."

छगनने बोटं बघितली नाहीत. तो दोरी तुडवून आत आला. पुष्पावती आडवी झाली, तिला त्याने खांद्याने ढकललं. ती बांबूवर पडली आणि अर्धा मांडव तिच्या अंगावर आला.

"वाढ," तो म्हणाला.

"यादीत न्हाई त्याला न्हाई वाढत," कडूबाई म्हणाली.

"कुनाची यादी? कुनाच्या बापाची?"

त्याने दांडा फिरवला. पहिला तडाखा तिच्या गालफडावर बसला. ती बसली. दुसरा पातेल्याला बसला. चुलीच्या तीन दगडांवरचं पातेलं एका अंगाला कललं आणि उलटलं.

मग बाया धावल्या. कुणी ताटाने, कुणी हाताने मातीतली लापशी ओरपू लागली. पोळलेले हात झटकून पुन्हा त्यातच घालू लागल्या. एकीने दुसरीच्या झिंज्या धरल्या, दुसरीने तिच्या दंडाचा चावा घेतला. कुणाच्या तरी कानातलं फूल पाळीसकट निघून आलं. लेकरं आयांच्या पायांखाली तुडवली जात होती आणि त्या आया लेकरांसाठीच भांडत होत्या.

कडूबाईला ते ओरडणं सगळ्यात आधी ऐकू आलं. ते भांडणातलं नव्हतं. रंगुबाईचा मधला, कानिफनाथ, वाटी घेऊन दोरीखालून आत सरकला होता आणि पातेल्यामागे वाट बघत बसला होता. पोटापासून गुडघ्यांपर्यंत लापशी त्याला चिकटली होती. रंगुबाईने ती हाताने पुसली, तेव्हा कातडी तिच्या हातात आली.

एकदम सगळं थांबलं.

मुकादम कारभारीने मुरमाचा ट्रक रिकामा करून घेतला. कांबळ्यावर पोर घालून रंगुबाई मागे चढली. छगन चाकावर पाय देऊन चढू लागला, तसा तिने ट्रकमधला धोंडा उचलला.

"चढ. टाळकंच फोडते तुझं."

तो उतरला. ट्रक कर्जतच्या रस्त्याला लागला.

दुपार कलताना जीपची धूळ दिसली. बायांनी लेकरं खडीच्या ढिगांआड पिटाळली, सवयीने. नगरहून आलेला साहेब नवा होता. त्याने मोडका मांडव बघितला, पुष्पावतीचा सुजलेला डोळा बघितला, आणि काही न विचारता पेटीवर कागद पसरले.

"वाढीव मुलांची मंजुरी मिळतेय," तो म्हणाला. "आज जेवढी नोंदवाल तेवढ्यांचं धान्य येईल. पुन्हा यादी पावसाळ्यानंतर. बोला, कुणाची किती?"

त्याने सगळ्यांत पुढच्या बाईकडे पेन रोखलं.

"तुमची किती, बाई?"

"हाय की एक."

"आणि तुमची?"

"हायत देवाच्या दयेनं."

"आकडा सांगा."

ती बाई पदर तोंडात धरून कडूबाईकडे बघू लागली. सगळ्याच तिच्याकडे बघत होत्या. तिचा गाल सुजून डोळा मिटत आला होता.

कडूबाई उठली. उलटं पातेलं तिने सुलटं केलं, पदराने आतली माती पुसली आणि साहेबापुढे आणून ठेवलं.

"कारभारीदादा, पाटीमागं काय टाकायला लावता आमाला?"

"खडा. एक पाटी, एक खडा," मुकादम म्हणाला. "त्याचं काय?"

"तोंडानं कुनी बोलायचं न्हाई. आकडा कुनी घ्यायचा न्हाई. एका लेकरामागं एक खडा."

साहेबाने पेन खाली ठेवलं. "खड्यांवर मंजुरी मिळत नाही, बाई."

"तुम्ही खडे मोजा, साहेब," पुष्पावती म्हणाली. "नावं मी अंधार पडायच्या आत लिहून देते. दोरीबाहेरची सगळी मला पाठ आहेत."

कडूबाई खडीच्या ढिगाशी वाकली. तिने चार खडे उचलले. मग दोन परत ठेवले. उरलेले दोन पातेल्यात टाकले, तेव्हा पातेलं मोठ्याने वाजलं आणि काही बायांनी डोळे मिटले.

मग कान फाटलेली बाई पुढे आली. तिच्यामागून दंडाला चावा बसलेली. मग रांगच लागली, मघाच्या लापशीच्या रांगेसारखी, पण कुणी कुणाला ढकलत नव्हतं. खडे पडत राहिले. ढिगांआडून लेकरं एकेक करून डोकी काढू लागली, तरी कुणी त्यांना हाकललं नाही.

सगळ्यांत शेवटी छगन आला. एक खडा टाकला. दुसरा टाकला. मूठ मिटलेलीच ठेवून तो उभा राहिला.

"तिसरा?" साहेबाने विचारलं.

"मावशी," छगन कडूबाईला म्हणाला, "मोजलं की जातंय, असं तूच म्हनली हुतीस न्हवं?"

"म्हनले हुते."

"मग ह्यो टाकू का नको?"

कर्जतच्या रस्त्यावर ट्रक दिसत नव्हता. कडूबाईने छगनची मूठ आपल्या हातात घेतली. मघाशी दांडा धरलेली तीच मूठ. तिने एकेक बोट उलगडलं. खडा घामाने ओला झाला होता.

"ह्यो म्या टाकला," ती म्हणाली. "काय लागायचं ते माझ्या हाताला लागंल."

तिने तो टाकला.

साहेब पातेल्यापुढे उकिडवा बसला. एकेक खडा काढून बाहेर ठेवू लागला. "एक," तो म्हणाला, "दोन," आणि सगळ्या बाया तलावाच्या भरावाकडे तोंड करून पाठमोऱ्या उभ्या राहिल्या. छगनही वळला.

कडूबाई वळली नाही. ती पातेल्याशी बसली आणि उरलेल्या एका डोळ्याने साहेबाच्या तोंडाकडे बघत राहिली, शेवटच्या आकड्यापर्यंत.