बेडूक गप्प झाले की

नांदूरघाटजवळच्या आमच्या तळ्यातला गाळ काढून, काठची वेडी बाभूळ उपटून दोन पावसाळे झाले. आता तळं खरंच जिवंत झालं का, हे गाळ काढणाऱ्या संस्थेला बेडकांवरून ठरवायचं होतं. पाणी नासलं की बेडूक सगळ्यात आधी दिसेनासे होतात. म्हणून दिवेलागणीला काठावर बसून त्यांचं ओरडणं ऐकायचं, हे माझं काम. बायको म्हणते, एवढ्यासाठी कॉलेजात कशाला गेलात?

त्या पहिल्याच संध्याकाळी बेडकांनी कान किटवले होते. मी जाम खूश. तेवढ्यात तळ्याच्या मध्यावर, यंत्रानं पाडलेल्या खोल खड्ड्यापाशी, ते एकदम गप्प झाले. मग अलीकडचे गप्प झाले आणि पलीकडचे पुन्हा ओरडू लागले. माणूस जवळून चालत गेला की बेडूक असंच करतात. कुणीतरी पाण्यातून काठाकडं येत होतं, आणि पाणी जराही हलत नव्हतं. माझी पाचावर धारण बसली.

ते थांबलं माझ्या शेजारी बसलेल्या रतनबाईसमोर. शेळ्या पाण्यावर आणून ती रोज तिथंच बसते.

“दिवड साप आसंल,” मी कसाबसा म्हणालो.

“रोज येतंय. हितंच थांबतंय.”

तिचा नवरा सटवा गेल्या दिवाळीत नाहीसा झाला. ती तेव्हा माहेरी होती. ऊसतोडीच्या गाड्या भरत होत्या. पहिल्या गाडीला वाटलं, तो दुसरीत बसला. दुसरीला वाटलं, पहिलीत. निम्मं गाव रिकामं झालं आणि त्याला कुणी शोधलंच नाही.

“तोडीला नवरा-बायकू मिळून एक कोयता आसतुया, एकल्याला काम मिळत न्हाई. मला सोडून त्यो एकला कशापायी जाईल वो?” रतनबाई म्हणाली. “समदे म्हनतेत, येईल. तुमी बेडकांवरून पान्याचं सांगता न्हवं, भाऊ? मंग सांगा. मी वाट बघू का नको?”

मला खोटं बोलायचं होतं. लई बोलायचं होतं. पण आमच्या पायांपुढचं पाणी मुकं होतं आणि माझी नजर त्या खड्ड्याकडं गेली.

“बरं,” ती म्हणाली.

तिनं काठावरचा दगड उचलला आणि हातातल्या बांगड्या एकेक करून फोडल्या. रडली नाही. शेवटची बांगडी फुटली, आणि समोरचे बेडूक ओरडू लागले.