आवाज आधी

विज्ञान प्रदर्शनात जिल्ह्यात दुसरी आले तेव्हापासून मी जामखेडात मान ताठ करून फिरत होते. का नाही फिरणार? व्हिडिओ कॉलसाठी मी स्वतःचं वेबपेज केलं होतं! आवाज आणि चित्र दाबून लहान केल्याशिवाय नेटवरून जात नाहीत. ते काम करतो कोडेक. मी घेतलेले दोन्ही कोडेक खुले, कुणाला रॉयल्टी द्यायची नाही. परीक्षकांसमोर मुद्दाम नेट मंद करून दाखवलं. चित्र थिजलं, पण आवाज एकदाही तुटला नाही. टाळ्याच टाळ्या!

अण्णांना, माझ्या वडिलांना, सावेडीच्या दवाखान्यात नेलं तेव्हा माझी दहावीची परीक्षा चालू होती. सोबत शेजारचे बजरंगकाका गेले. अण्णांना जन्मापासून ऐकू येत नाही, बोलता येत नाही. त्यांची हातांची बोली आमच्या घरातच घडलेली. आई गेल्यापासून ती मला एकटीलाच कळते.

भूमितीचा पेपर देऊन आले, तर काकांचा फोन.

"संस्कृती, अण्णाला मशिनीवर घ्यायचं म्हनत्यात. तुझ्या फोटूकडं बोट दाखवतोय सारखं. लाव नेहमीचा व्हिडिओ कॉल."

"तो नको काका, लिंक पाठवते. माझं बघा तरी, नेट गेलं तरी तुटत नाही!"

"आत्ता कशाला गं ते?"

"उघडा ना!"

अण्णा दिसले. नाकात नळी. मला बघून हसले, उजवा हात उचलला आणि चित्र थिजलं.

आत रेंज कमी होती. मी शिकवलं होतं तेच पेजनं केलं: चित्र सोडलं, आवाज धरला. काय स्वच्छ आवाज! यंत्राची टिकटिक, चादरीची सळसळ, काकांचा श्वाससुद्धा. प्रदर्शनासाठी ठेवलेलं 'आवाज आधी' अण्णांसाठी बदलायचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

"काका, ते हात हलवतायत का?"

"लई हलवतोय. तुला दिसंना व्हय?"

तेव्हा तरी नेहमीचा कॉल लावायचा! मी कोड उघडून बसले. आवाज बंद, सगळं नेट चित्राला. चार मिनिटं लागली.

"काका, आता परत उघडा."

"आत नेला गं त्याला."

अण्णा परत आले नाहीत. तेराव्याला मी काकांना समोर बसवलं. "करून दाखवा, काय केलं होतं हातांनी?"

काकांनी दोन बोटं छातीला लावली.

"हे म्हणजे मी, माझं नाव. पुढं?"

त्यांनी हात हवेत गोल फिरवला. थांबले. मग उलटा फिरवला.

"असंच कायतरी, पोरी. मला काय कळतंय त्याच्यातलं? पर लई वेळ करत हुता."