नाक्यावरचा पास

मी 'पास' बोलतोय. हो, तोच! विलायतेत चार अक्षरांचा होतो, तुमच्याकडे येऊन दोन अक्षरांचा झालो. अंग आटलं, पण रुबाब वाढला.

रेल्वेचे रूळ गोंदियापर्यंत आले तेव्हा मीही आलो, एका स्टेशनमास्तरच्या खिशातून. तिथं माझा अर्थ फुकट प्रवास. पुढं काय भरभराट झाली म्हणून सांगू! कचेरीत बिलावर बसलो. नाटकवाल्यांच्या तंबूत मी म्हणजे पुढची खुर्ची. शाळेत मी म्हणजे हुशारी, निदान मास्तर तरी तसं समजत. दरेकशाच्या घाटालाही एका साहेबानं माझं नाव चिकटवून पाहिलं, कारण त्यांच्याकडे डोंगरातल्या वाटेलाही मीच! लोकांनी ऐकून घेतलं आणि घाटाला घाटच म्हणत राहिले. एवढा एक अपमान सोडला तर माझं छान चाललं होतं.

खरा थाट मात्र जंगलात. सरकारनं हद्द आखली, रस्त्यावर नाका बसवला, आडवा बांबू टाकला. ज्या झाडाखाली माणूस लहानाचा मोठा झाला, त्याची फांदी घरी न्यायची तर आधी मी पाहिजे.

दरेकशाजवळच्या एका खेड्यात बकाराम नावाचा धानाचा शेतकरी होता. १९३१ साली त्याचा थोरला मुलगा दुधराम सातवी पास झाला. गावातला पहिलाच! बकारामनं गावभर गूळ-फुटाणे वाटले, दाखला पागोट्यात खोचून फिरला. वाचता येत नव्हतं, म्हणून कागद उलटा धरूनच सगळ्यांना दाखवला. लोकांनीही उलटाच पाहून माना डोलावल्या. माझी अशी मिरवणूक दुसऱ्या कुणी काढली नाही, खोटं कशाला बोलू.

आता इतक्या हुशार पोराचं काय करायचं? सरकारनं त्याला जंगलनाक्यावर कारकून केलं. काम एकच, येईल त्याच्याकडे मला मागायचं.

१९३८ साली दुधरामच्या बहिणीचं, रुख्माचं लग्न ठरलं. घरची रीत अशी की मांडवाचा मधला खांब ओल्या सालईचा, आणि तो नवरीच्या बापानं स्वतः तोडून आणायचा. एकदा खांद्यावर घेतला की वाटेत भुईला टेकवायचा नाही. टेकला, तर जिथं टेकला तिथंच मांडव घालायचा. रीत दुधरामलाही ठाऊक होती. सातवीच्या पुस्तकात नव्हती, एवढंच.

बकारामनं माझ्यासाठी तीन दिवस जंगल-कचेरीत खेपा घातल्या. साहेब दौऱ्यावर. साहेब नाही तर सही नाही, सही नाही तर मी नाही. लग्न उद्यावर आलं. शेवटी त्यानं खांब तोडला आणि भर दुपारी नाक्यावर येऊन उभा राहिला.

"पास?" दुधरामनं मान वर न करता विचारलं.

"काऊन रे, मले ओळखत नाही का?"

"ओळखतो जी, बाबा. पण कायदा..."

"उद्या तुह्या बहिणीचं लगन हाये. रुख्मा घरी वाट पाहून राहिली."

"बिना पासानं सोडलो तं माही नोकरी जाईल."

म्हातारा खांब घेऊन तसाच उभा. घाम गळतोय, मागे बैलगाड्यांची रांग लागलीय, सगळे बघतायत. दुधराम गांगरला. बिनपासाचं लाकूड जप्त करून त्याचं माप घ्यायचं असतं, आणि माप भुईवर ठेवून घेतात. त्यानं बापाच्या खांद्यावरचा खांब उचलला आणि खाली ठेवला.

खांब भुईला टेकला. आपण काय केलं, ते तेव्हा त्याच्या लक्षात आलं.

"ठेवलास नं?" बकाराम म्हणाला. "मंग बोलाव तुह्या मायले. मांडव इथंच."

आणि खरंच, दुसऱ्या दिवशी सरकारी नाक्यावर लग्न लागलं! आडव्या बांबूला आंब्याची पानं बांधली होती. नेमके तेव्हाच साहेब दौऱ्यावरून परतले. दोन लाडू खाऊन त्यांनी विचारलं, "या लाकडाचा पास कुठे आहे?"

"लाकूड नाक्यापलीकडे गेलंच नाही, साहेब," दुधराम म्हणाला.

साहेबांनी सगळे नियम मनातल्या मनात चाळले असावेत. मग तिसरा लाडू घेतला.

रुख्मा सासरी गेली, नोकरीही वाचली. पण बाप त्या दिवसापासून पोराशी बोलला नाही. नाक्यावरूनही गेला नाही. नाल्यातून, काट्याकुट्यांतून कोसभर वळसा घालायचा, पण तिकडे फिरकायचा नाही. अशी नऊ वर्षं. यात माझा काय दोष? मी साधा शब्द! असं कचेरीतले सगळेच म्हणतात म्हणा.

आणि तो खांब? ओली सालई पुरली की रुजते; त्याच साली त्याला पालवी फुटली. आता चांगलं झाड झालंय, आणि त्याची फांदी तोडायला मी लागतो.

सत्तेचाळीस साली गोरे साहेब गेले. टोप्या, बंदुका, कुत्री, सगळं घेऊन गेले. मला मात्र इथंच ठेवून गेले. राहतो बापडा. तुम्हीही मला सोडणार नाहीच, ठाऊक आहे मला! फक्त समोरचा घाम गाळत उभा असेल, तर मला मागण्याआधी जरा मान वर करून बघा.

गोरे साहेब गेले त्याच महिन्यात एका सकाळी दुधरामनं कोरा फॉर्म घेतला. लिहिलं: बकाराम, सालईचा खांब एक, साल १९३८. खाली स्वतःची सही ठोकली. सहीचा अधिकार त्याला तेव्हा नव्हता, आताही नव्हता. कागद घेऊन तो घरी गेला आणि बापापुढे ठेवला.

"बाबा, हा पास मी तवाच द्यायले पायजे होता."

म्हाताऱ्यानं कागद उचलला. मग त्यानं पागोटं बांधलं, कागद खोचला आणि नाक्याची वाट धरली. दुधराम पुढे पळाला आणि बांबू उचलून धरून उभा राहिला.

बकाराम त्याखालून गेला आणि सालईखाली टेकला. येणाऱ्याजाणाऱ्याला कागद दाखवू लागला, उलटाच धरून. "माह्या पोरानं देला," म्हणत होता.

तो कागद आता कशाच्याच कामाचा नव्हता. रुख्माची पोरं शाळेत जायला लागली होती. पण जन्मभर मला सगळ्यांनी मागितलंच होतं. कुणी न मागता दिलं, ते त्या एकदाच.