डाव्या पायाचा बोल्ट

लाझारने विमानाचं मॉडेल पाठीवर उलथं करून दोन उशांच्या मध्ये ठेवलं आणि पट्टीने नाकापासूनचं अंतर मोजलं. बासष्ट मिलिमीटर. पेन्सिलीने बारीक खूण केली, पुन्हा मोजलं. चाकं या खुणेच्या मागे गेली तर मॉडेल उतरताना नाकावर आपटणार. फार पुढे गेली तर बेडकासारखं उड्या मारत जाणार.

तिबेरियू समोर बसून बघत होता. मॉडेलकडे नाही, लाझारच्या हातांकडे.

हिवाळ्यात त्याचा धाकटा भाऊ दोरू वारला, तेव्हा या मॉडेलची कल्पना तिबेरियूनेच काढली होती. दोरूची आठवण म्हणून करू, असं तो लाझारला म्हणाला. मनात वेगळंच होतं. अडतीस वर्षांपूर्वी दोरू शेतांवर फवारणी करणारं असलंच दुपंखी विमान चालवायचा, आणि देश सोडायला बंदी असताना एका पहाटे ते घेऊन त्याने सरहद्दीपार युगोस्लाव्हियात निघून जायचं ठरवलं. शंभर मीटर धावल्यावर डाव्या चाकाला धरणारा लोखंडी पाय दुमडला, पंख जमिनीला घासला, आणि मक्यातून सैनिक धावत आले. गळ्याचं हाड मोडलेल्या दोरूला अडीच वर्षांची कैद झाली.

सैनिक आधीपासून मक्यात बसले होते, म्हणजे कुणीतरी चुगली केली होती. तिबेरियूचा संशय एकाच माणसावर होता. धावपट्टीवरचा मेकॅनिक, लाझार. तो म्हणे त्या आठवड्यात लुगोज गावी बहिणीकडे गेला होता. पुरावा कधी मिळाला नाही, मैत्रीही तुटली नाही. दर ईस्टरला लाझार यायचा, आणि त्याच्या पेल्यात आलुबुखाऱ्याची दारू ओतताना तिबेरियूच्या मनात तोच प्रश्न यायचा. आता त्याला बघायचं होतं, की त्या चाकापाशी आल्यावर या माणसाचा हात कापतो का.

मॉडेलचा उजवा पाय बसला. डाव्या पायाचा पुढचा स्क्रू लाझारने पिळला. मागचा स्क्रू उचलला आणि तो तसाच बोटांत धरून राहिला.

"हा लावायचा?"

"का नाही लावायचा?"

"त्या दिवशी नव्हता."

तिबेरियू खुर्चीत सरळ झाला.

"चौकशीत तर म्हणाले, बोल्ट तुटला."

"तुटला असता तर तुकडे मिळाले असते. ते कुणी शोधलेच नाहीत."

"तुला काय माहीत? तू लुगोजला होतास ना?"

लाझारने स्क्रू टेबलावर ठेवला.

"नव्हतो."

या एका शब्दासाठी तिबेरियूने किती वाक्यं तयार करून ठेवली होती. तो उठला. अंगणात त्याची बायको वेतुरिया शिडीवर चढून आंबट चेरी तोडत होती. त्याने खिडकी लावून घेतली आणि परत येऊन बसला.

लाझार खाली बघतच सांगत गेला. सुट्टीवरून त्याला आदल्या दुपारी बोलावून घेतलं होतं, आणि तोंड बंद ठेवायची तंबी दिली होती. संध्याकाळी कालव्याच्या काठावर दोन मशीनगन नेऊन ठेवताना त्याने पाहिल्या. विमान वर जाऊ द्यायचं आणि मग पाडायचं, म्हणजे बाकीच्या वैमानिकांना अद्दल घडेल, असा हुकूम होता. दोरूच्या दारावर छुपा पहारा, त्याला निरोप पोचवणं अशक्य. उरला होता तो पाना आणि अर्धा तास, एक बोल्ट काढायला पुरेसा.

"जमिनीवरून न सुटलेलं विमान पाडता येत नाही," लाझार म्हणाला. "हाड मोडेल, पण माणूस राहील, असं मला वाटलं."

"दोरूला सांगितलंस?"

"सुटून आला त्याच वर्षी. तो म्हणाला, तिबीला सांगू नकोस."

"का?"

"कारण मग तू पुढचं विचारशील."

तिबेरियूने पुढचं विचारलंच.

"चुगली कुणी केली?"

"त्या दुपारी कमांडरच्या खोलीतून कोण बाहेर पडलं, ते मी पाहिलं होतं," लाझार म्हणाला, आणि नाव न घेता त्यानेच विचारलं, "विमानात तुम्ही दोघं भाऊ जाणार होतात. तू का आला नाहीस?"

"तुला ठाऊक आहे. वेतुरियाला सहावा महिना होता. आदल्या संध्याकाळी तिला कळा यायला लागल्या. दवाखान्यात नेलं. रात्रभर माझा हात सोडेना. डॉक्टर म्हणाले..."

तो थांबला. डॉक्टर म्हणाले होते, काहीही नाही, सगळं ठीक आहे.

बेताबद्दल त्याने बायकोजवळ चकार शब्द काढला नव्हता. सीमेपलीकडे पोचलं की कळवू, असं भावाभावांचं ठरलं होतं. पण त्याचा जाडा कोट महिनाभर दारामागे लटकत होता. त्याच्या अस्तरात जन्माचा दाखला आणि आईची अंगठी शिवलेली होती, आणि घरातलं फाटकं-उसवलेलं सगळं वेतुरियाच शिवायची.

"तिला वाटलं असेल, नुसतं अडवतील," लाझार हळूच म्हणाला. "मशीनगनचं तिला कोण सांगणार होतं?"

दोन्ही तळवे तिबेरियूने टेबलावर पालथे ठेवले, जणू टेबल हलत होतं.

दार कोपराने ढकलून वेतुरिया आत आली. हातातली पाटी चेरींनी भरली होती, हात मनगटापर्यंत लाल.

"अजून चाकंच लावताय? दोघं म्हातारे मिळून एक विमान उभं करेनात," ती म्हणाली. मग तिचं लक्ष खिडकीकडे गेलं. "एवढ्या उकाड्यात खिडकी कशाला लावली?"

"वारा होता," तिबेरियू म्हणाला.

वेतुरियाने काचेतून बाहेर पाहिलं. पान हलत नव्हतं. तिने लाझारकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. पाटी टेबलावर ठेवली आणि हात एप्रनला पुसू लागली, पुसतच राहिली.

तिबेरियूने शेजारची खुर्ची ओढून तिला जागा करून दिली.