चार तास झोपणारे सर

लातूरच्या एका कोचिंग क्लासमध्ये श्रीशैल बिराजदार फिजिक्स शिकवायचे. पण त्यांची कीर्ती झाली ती झोपेमुळे. क्लासच्या दारावर त्यांचा पुरुषभर उंचीचा फोटो होता आणि खाली लिहिलं होतं, 'सर चार तास झोपतात. आणि तुम्ही?' नव्या बॅचला पहिल्या दिवशी ते तासभर सांगत, की झोप ही आळशी माणसाची सबब आहे. मुलं वहीत उतरवून घेत. काहीजण तर अधोरेखितही करत.

खरं काय ते फक्त त्यांच्या बायकोला, शिवगंगाला ठाऊक होतं. सर चार तास झोपत नव्हते. त्यांना तेवढीच झोप लागत होती, आणि गेल्या वर्षभरात तीही नाही. रोज नऊलाच अंथरुणावर पडायचे, कूस बदलायची, घड्याळ बघायचं, आता किती तास उरले याचा हिशेब करायचा. हिशेब पक्का झाला की झोप पळालेलीच. मग दुपारी स्टाफरूममध्ये कपाटामागे सतरंजी टाकून दीड तास घोरायचे. शिपाई बाहेर सांगायचा, "सर चिंतन करून राहिलेत."

उपाय सगळे करून झाले. सासूबाईंचं जायफळाचं दूध झालं, तळपायाला तेल झालं. मेहुण्याने मोबाईलवर समुद्राच्या लाटांचा आवाज लावून दिला. त्या आवाजाने सरांना एका रात्रीत तीनदा लघवीला उठावं लागलं.

एके दिवशी न्यूटनचा दुसरा नियम लिहिता लिहिता सर फळ्याला कपाळ टेकून उभे राहिले. मुलांना वाटलं, विचारात आहेत. खडू खाली पडला तेव्हा कळलं, सर झोपलेत. शिवगंगाने त्याच संध्याकाळी सांगून टाकलं, "आता डॉक्टर."

पण लातुरात दाखवायचं कुणाला? फोटो गावभर. म्हणून रविवारी मास्क लावून, टोपी घालून सर एसटीने नांदेडला गेले. दवाखान्यात नावही खोटंच सांगितलं.

शेजारच्या बाकावर कंधारकडचा एक शेतकरी बसला होता, ज्ञानोबा. सोबत त्याची मुलगी ऋतुजा. तिच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळं होती.

"पोरगी लातूरला क्लासला व्हती," ज्ञानोबा आपणहून बोलू लागला. "तिथं कोन मास्तर हाय म्हने, चारच तास झोपतो. हिनं बी तसंच केलं. आता परीक्षा झाली, झोपायला मोकळी हाय, तर झोपच येईना. आमच्या गोठ्यातली म्हैस बी त्या मास्तरपेक्षा जास्त झोपती."

"काही लोक बोलतात तसे वागत नसतात," सर हळूच म्हणाले.

ऋतुजाने झटकन मान वळवली. वर्षभर ऐकलेला आवाज तिने ओळखला. "बिराजदार सर? तुम्ही इथं? पण तुम्ही तर चार तासच..."

सरांनी मास्क खाली ओढला. "त्या चार तासांसाठीच आलोय, बाळ. तेवढी तरी मिळावी म्हणून."

ज्ञानोबा त्यांच्याकडे बघतच राहिला. शिवी अगदी ओठांवर आली होती. पण सरांचे तांबारलेले डोळे बघून त्याने ती गिळली. "भाकर हाय संगं," तो म्हणाला. "खाता का?"

डॉक्टर पंचशीला वाघमारे यांनी दोघांना वेगवेगळं तपासलं, रक्त तपासायला पाठवलं. सरांना म्हणाल्या, "दुपारचं चिंतन बंद. दुपारनंतर चहा नाही. साडेअकराच्या आत अंथरुणावर जायचं नाही, आणि झोप लागो न लागो, साडेपाचला उठायचंच. जागे असाल तर पडून राहू नका, दुसऱ्या खोलीत बसा. घड्याळ काढून ठेवा."

"झोप येत नाही म्हणून झोपच कमी करायची?"

"नुसतं पडून राहणं कमी करायचं. तुम्ही रोज अंथरुणावर परीक्षेला बसल्यासारखे पडता. परीक्षेत कुणाला झोप येते?"

सरांनी आयुष्यात प्रथमच दुसऱ्याचं वाक्य वहीत लिहून घेतलं. बाहेर आल्यावर कळलं, ऋतुजालाही उठायची वेळ साडेपाचचीच दिली होती; तेव्हा ज्ञानोबाचा फोन नंबरही वहीत गेला.

पहिला आठवडा भयंकर गेला. शिवगंगा दुपारी फोन करकरून त्यांना जागं ठेवायची. दुसऱ्या आठवड्यात ते एकदा तिच्यावर ओरडले, मग रडले. चौथ्या आठवड्यात अंथरुणावर पडल्यावर लगेच डोळा लागला. सहाव्यापर्यंत बहुतेक रात्री साडेपाच तास मिळू लागले. मधूनच एखादी रात्र कोरडी जायची. पण त्या रात्री सर खुर्चीत वाचत बसायचे, झोपेशी भांडायचे नाहीत.

मग त्यांनी वर्गात सगळं सांगून टाकलं आणि दारावरचा फोटो उतरवायला लावला. क्लासचे मालक वीरण्णा हादरले. "सर, फोटो न्हाई तो, ब्रँड हाय आपला!" पण पालकांना ते बोलणं आवडलं, असं कळताच त्यांनी आठवड्याभरात नवी जाहिरात केली : 'गाढ झोप, हमखास यश! विशेष शिबिर, रात्री दहा ते साडेबारा. हजेरी सक्तीची.' वक्ते अर्थात बिराजदार सर.

"रात्री मुलांना झोपू द्या. शिबिर सकाळी दहाला ठेवा," सर म्हणाले.

"दहाला टेस्ट असती."

"मग मी येत नाही."

वीरण्णांनी दुसरा वक्ता आणला. शिबिराला म्हणे अर्धी मुलं बाकावर डोकं ठेवून झोपली, आणि मालकांनी त्याचे फोटो 'तात्काळ परिणाम' म्हणून छापले.

शिबिराच्या त्या रात्री सर घरीच होते. पहाटे पाचला जाग आली, तेव्हा त्यांनी कंधारला फोन लावला. ज्ञानोबा दूध काढत होता.

"ऋतुजा कशी आहे?"

"हाव, बरी हाय. झोपली हाय. उठवू का?"

"नको, नको!" सर घाईने म्हणाले. "अजून अर्धा तास आहे तिचा."