घर क्रमांक सदतीस

घरात ती धाकटी आणि कामावर मॅडम. आई गेल्यापासून धाकटी म्हणणारं एकच माणूस उरलं होतं, थोरला भाऊ, आणि तोही दूरच्या गावाहून, फोनवर. आपण तिला धाकटीच म्हणू.

धाकटीचं काम बायकांना ऐकायला शिकवण्याचं. "ऐकायला काय शिकायचंय? देवानं दोन कान दिलेत की," असं पहिल्या दिवशी प्रत्येक तुकडीत कुणीतरी म्हणायचंच. त्यावर धाकटी म्हणायची, "दिलेत. पण मध्ये एक तोंडही दिलंय, अडचण तिथं आहे." वर्ग हसायचा आणि मग नऊ दिवस शिकवणं सोपं जायचं. वस्तीतल्याच बायका असायच्या. कुणी शिवण करणारी, कुणी पाळणाघर चालवणारी, कुणी नुकतीच सून आल्यामुळे हात मोकळे झालेली. घरोघरी जायचं, कुणाची झोप उडाली आहे, कुणी जिना उतरणं सोडलं आहे, कुणाला कशातच राम वाटत नाही हे हळूच विचारायचं. कुणाला डॉक्टरांकडे न्यायचं आणि कुणाजवळ नुसतं बसायचं, हे ओळखायचं. इतकंच. पण इतकंच फार अवघड असतं.

प्रत्येकीला एक वही मिळे. वहीत नाव लिहायचं नाही, हा धाकटीचा सगळ्यात कडक नियम. प्रत्येक घराला कार्यकर्तीनं आपल्या मनानं एक आकडा द्यायचा, दारावरचा आकडा नव्हे. कोणता आकडा कुणाचा हे तिनं डोक्यात ठेवायचं. महिन्याच्या शेवटी नऊ कार्यकर्तींच्या नऊ वह्या धाकटीच्या टेबलावर यायच्या. ती त्या वाचायची, समासात लाल पेनानं शेरा मारायची आणि खाली सही करायची.

आईला जाऊन तीन महिने झाले होते. वर्षअखेर होती. बंद झालेल्या घरांची यादी वर पाठवायची म्हणून धाकटी सकाळपासून वह्या घेऊन बसली होती. घर बंद होण्याची कारणं ठरलेली: बरं वाटतं, गाव सोडलं, भेट नको म्हणाले. शिवणकाम करणाऱ्या एका कार्यकर्तीला सगळ्या टेलरबाई म्हणत. आई गेली त्या महिन्यातल्या वह्या धाकटीनं तपासल्या नव्हत्या, आणि टेलरबाईंच्या वहीत तिथं एक वेगळं कारण होतं.

घर क्रमांक सदतीस. बंद. कारण: निधन.

तारीख आईची होती.

धाकटीला पहिल्यांदा काहीच वाटलं नाही. एका दिवशी एकच माणूस मरतं असं थोडंच आहे? तिनं यादीत सदतीस लिहिलं, पुढचं पान उलटलं आणि मग परत मागे आली. टेलरबाईंची वस्ती म्हणजे आई राहायची तीच गल्ली आणि तिच्या मागच्या दोन. एकशेचाळीस घरं. ती वहीच्या सुरुवातीपासून सदतीस शोधत निघाली.

"वय सत्तरीच्या पुढे. पती दोन वर्षांपूर्वी गेले. मुलगा दूर. मुलगी याच शहरात. झोप पहाटे तीनला मोडते. दुपारी जेवण टाळते."

"आज फार बोलली नाही. मी बसून राहिले. निघताना म्हणाली, परत ये."

"डॉक्टरांकडे येण्यास तयार. मुलीला कळवू नये असे निक्षून सांगितले."

"झोप थोडी सुधारली."

"आज स्वतःहून खिडकी उघडली."

अशी अकरा पानं. अकराही पानांवर धाकटीची सही होती.

असं कसं ओळखलं नाही, असं कुणालाही वाटेल. पण नवरा गेलेली, मुलगा दूर असलेली, पहाटे तीनला जागी होणारी बाई प्रत्येक वहीत चार-पाच तरी असायची. धाकटी ती पानं वाचायची ती कार्यकर्तीचं काम बघायला. प्रश्न नीट विचारला का, उपदेश तर केला नाही ना, पुढची भेट कधी. पानावरच्या बाईकडे तिचं लक्ष जायचं, नाही असं नाही. पण तपासणीच्या वाटेनं जायचं.

सदतीस नंबरची पहिली भेट कुठल्या तारखेची हे बघितल्यावर तिला प्रशिक्षणातला एक दिवस आठवला.

प्रशिक्षणात सराव असे. एकीनं कार्यकर्ती व्हायचं आणि एकीनं उदास बाई. उदास बाईचं काम कचेरीतल्या झाडलोट करणाऱ्या मावशी वर्षानुवर्षं करत. त्या इतक्या रंगात यायच्या की दर तुकडीला त्यांना नवा आजार व्हायचा. टेलरबाईंच्या तुकडीच्या वेळी नेमक्या त्या रजेवर होत्या. धाकटीनं आईला विचारलं.

"मला मेलीला कुठं नाटकं येतात?" आई म्हणाली होती.

"नाटक नकोच आहे. नुसती गप्प गप्प बैस. विचारलं तर थोडं रडवेलं बोल."

"आणि हसू आलं म्हणजे?"

"मग पदर लाव तोंडाला."

आई आली. समोरच्या खुर्चीवर टेलरबाई. पन्नाशीच्या, बोटांवर सुया टोचल्याच्या खुणा, बोलायला अगदी बेताच्या. त्यांनी पाठ केलेला प्रश्न विचारला, गेल्या दोन आठवड्यांत कशात मन लागत नाही असं होतं का. आई बराच वेळ हाताकडे बघत राहिली. मग म्हणाली, "सकाळ झाली की रात्र कधी होते याची वाट बघते. आणि रात्री सकाळची. मध्ये जे असतं त्याचं काय करायचं ते कळत नाही."

वर्गात दोघी-तिघींनी डोळे पुसले. टेलरबाई काहीच बोलल्या नाहीत.

"थांबा," धाकटी म्हणाली होती. "टेलरबाई, शांत राहिलात ते छान. पण हाताची घडी बघा तुमची. घडी घातली की समोरच्याला वाटतं दार लावलं. पुन्हा घ्या. आई, तू तेच वाक्य पुन्हा म्हण."

आईनं तेच वाक्य पुन्हा म्हटलं. या खेपेला टेलरबाईंची घडी नव्हती. वर्गानं टाळ्या वाजवल्या.

"जमलं का गं?" आईनं जाताना विचारलं.

"जमलं? बक्षीस द्यायला हवं तुला. इतकी वर्षं कुठं लपवली होतीस ही कला?"

आई हसली होती. धाकटीला पुढचं सत्र होतं, म्हणून आईला घरापर्यंत सोडायला टेलरबाई गेल्या. त्यांचा रस्ता तोच होता. सदतीस नंबरची पहिली भेट त्याच आठवड्यातली होती.

आता धाकटीनं सातव्या पानावरचा आपला शेरा वाचला. लाल शाई, टपोरं अक्षर. "मुलगी एकाच शहरात असून आठवड्यातून तासभर येते, म्हणजे कर्तव्य उरकते. अशा मुलांना जाणीव करून द्यावी लागते. तिला विश्वासात घ्या. थोडं स्पष्ट बोललात तरी चालेल."

तिनं वही पिशवीत टाकली आणि दुपारच्या बैठकीला येत नाही असं सांगून बाहेर पडली.

टेलरबाईंचं घर म्हणजे एकच खोली. अर्धी खोली मशीननं आणि कपड्यांच्या गठ्ठ्यांनी व्यापलेली. त्या एका पँटची खालची शिवण उसवत होत्या. धाकटीला दारात बघून त्या उठल्या. तिनं पिशवीतून काढलेली वही बघून परत बसल्या.

"कधीतरी याल असं वाटलंच होतं," त्या म्हणाल्या. "त्या खुर्चीवरचे कपडे खाली ठेवा, बसा."

धाकटी बसली. "आठ महिने," ती म्हणाली. "आठ महिने माझ्या हातून ती पानं जात होती, आणि तुम्ही समोर बसून माझी सही घेत होतात."

"हो."

"एकदाही सांगावंसं वाटलं नाही?"

"दर महिन्याला वाटायचं." टेलरबाईंनी पँट मांडीवर ठेवली. "मी विचारलं होतं तुम्हाला. भर वर्गात. ज्या घरात जातो तिथली माणसं आपल्या ओळखीची निघाली तर काय करायचं? तुम्ही म्हणालात, ते घर दुसऱ्या कार्यकर्तीला द्या. मी तुमच्या आईंना तसं सांगून बघितलं. त्या म्हणाल्या, दुसरी आली तर दार उघडणार नाही."

"पण का? मला का नको?"

"तेवढं सांगते. ते सांगायला त्यांची ना नसावी. त्या म्हणायच्या, पोर दिवसभर हेच ऐकते. लोकांची दुःखं ऐकून तिचे कान किटलेत. तासभर माझ्याकडे येते तर तेवढा तरी तिला विसावा असू दे. मी काही तिची आणखी एक केस व्हायची नाही."

बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

"आणि हा शेरा?" धाकटीनं वही उघडून पुढे केली. "हा बघितल्यावर तरी?"

टेलरबाईंनी वहीकडे बघितलंही नाही. त्यांना तो पाठच होता. "तो मी त्यांना वाचून दाखवला. वही कुणाला दाखवायची नाही, ठाऊक आहे मला. काय कारवाई करायची ती करा. पण वाटलं, वरिष्ठच सांगतायत म्हटल्यावर तरी त्या हो म्हणतील. कुठलं काय! अशा भडकल्या! कोण ही बाई, म्हणाल्या. माझ्या मुलीला ओळखते का ती? सकाळी आठला घर सोडते पोर, दमूनभागून येते, तरी एक आठवडा चुकवला नाही तिनं. आणि म्हणे उरकते! टेबलावर बसून शेरे मारायला काय जातं हिचं?"

धाकटीच्या घशातून हसण्यासारखा काहीतरी आवाज आला. तिनं तोंडावर हात ठेवला.

"मग चष्मा मागितला," टेलरबाई म्हणाल्या. "मी देत नव्हते. ओढून घेतली वही. अक्षर बघितलं."

"आणि?"

"बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, अक्षर मात्र बापावर गेलंय."

धाकटी उठून खिडकीशी गेली. खिडकीच्या कट्ट्यावर रिळं रंगानुसार लावून ठेवली होती. ती त्यांच्याकडे बघत उभी राहिली. लोक भेटायला आले तेव्हा ती प्रत्येकाला सांगत होती, शेवटपर्यंत ठणठणीत होती हो, सकाळी उठली आणि गेली, कुणाला काही करू दिलं नाही. टेलरबाईही आल्या होत्या त्या दिवशी. कोपऱ्यात बसून, हात मांडीवर उघडे ठेवून, त्यांनी हे ऐकलं होतं आणि मान डोलावली होती.

"अजून काय काय बोलायची?" धाकटीनं न वळता विचारलं.

"मॅडम."

"मला सांगा. दादाला मी काही सांगणार नाही. कुणालाच नाही. वहीत अकरा पानं आहेत, आणि तुम्ही तिच्याकडे अकराच वेळा गेला नसणार. मला माहितीये तुम्ही कशा आहात."

"दर बुधवारी जायचे."

"मग सांगा ना. आता ती नाहीये, टेलरबाई. आता कुणाचं बिंग फुटणार आहे?"

टेलरबाईंनी उसवलेला दोरा बोटाला गुंडाळला. त्यांचा आवाज चढला नाही, पण मऊही राहिला नाही. "नाही सांगणार. तुम्ही मला कामावरून काढा. त्यांनी तुम्हाला सांगायचं असतं तर त्या दर रविवारी तुमच्यासमोर बसलेल्या होत्या. सांगितलं नाही. मग मी कोण सांगणारी?"

यावर मॅडमपाशी उत्तर होतं. आपली विद्यार्थिनी तयार झाली, असा शेरा तिनं मारला असता. धाकटी मात्र परत येऊन खुर्चीत बसली. टेलरबाईंनी घाई केली नाही. पँट तशीच मांडीवर होती.

"मला एवढंच हवंय," धाकटी शेवटी म्हणाली, "की तिला चाललं असेल असं काहीतरी सांगा. साधं. तुम्ही गेलात की काय करायचात? कुठं बसायचात? काहीही."

टेलरबाईंनी विचार केला. काय द्यावं आणि काय राखावं, याचा हिशोब त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होता.

"त्या पलंगावर असायच्या," त्या म्हणाल्या. "मी दाराजवळच्या स्टुलावर. आधी मी चहा करायचे. डबे कुठं आहेत ते त्या पडल्या पडल्या सांगायच्या. साखर कमी झाली की बोलणी खायचे. म्हणायच्या, गॅसपर्यंत जायचंसुद्धा जिवावर येतं गं, तू आलीस म्हणून घोटभर मिळतो."

"पण माझ्यासाठी तर ती स्वतः..."

रविवारी अकरा वाजता धाकटी बेल वाजवायची. आई दार उघडायची, केस विंचरलेले, साडी नीट. धाकटी खुर्चीत पाय वर घेऊन फोनवर आठवड्याचे राहिलेले निरोप बघत बसायची आणि आई ओट्याशी उभी राहून चहा करायची. पाठमोरी. एका हातानं ओटा धरून. मध्येच विचारायची, दमलीस का गं. आणि धाकटी वर न बघता म्हणायची, हो.